वाढत्या अंगाचं

रविवारी जयसिंगपूरहून पिल्लू येणार.
ग्रेट डेन. फोटोत तर
भाकरीच्या बुट्टीत मावतंय,
पोट गरगरीत, डोळे अर्धे मिटलेले.

पण त्याचा बाप मी बघून आलोय.
त्यानं उभ्या उभ्याच
टेबलावरचा माझा चहा पिऊन टाकला
आणि माफी मागावी तशी
माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

तिथंच ठरलं : सहा फूट.

बत्तीस वर्षं शिरोलीत पॅटर्न शॉपला काढली.
लाकडाचे नमुने घडवले, पंपांचे, गिअरबॉक्सचे.
ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं,
म्हणून आमची पट्टीच वेगळी,
तिच्यावरचा इंच इंचापेक्षा केसभर मोठा.
आकसण्याचा हिशेब हाडात मुरलाय.
(परवा डॉक्टरांनी भिंतीला उभं केलं,
म्हणाले, उंची पाऊण इंच कमी भरतीय.)
वाढण्याची पट्टी मात्र
कुठल्याच दुकानात मिळाली नाही.

उद्यमनगरातून अँगल आणले, दोन इंची जाळी.
अल्लाबक्ष वेल्डर म्हणाला,
"तात्या, कुत्रं आणताय का वाघ?
चार फुटांत भागलं असतं की ओ."
म्हटलं, तुझी आई चड्डी शिवताना
दोन बोटं कापड आत दुमडायची का न्हाई?
तसंच हे. वाढत्या अंगाचं.
तो हसला, काच तोंडावर ओढली,
आणि मागच्या उसात ठिणगी उडू नये म्हणून
मी बादली घेऊन उभा राहिलो.

खरी गोम पुढंच.
एकाच कुंपणात दोन कुत्री कोंडायची आहेत :
वर्षानं उडी मारणारं
आणि रविवारी फाटकाच्या गजांतून सुळ्ळकन निसटणारं.
म्हणून फाटकाला गुडघ्यापर्यंत बारीक जाळी,
खाली फूटभर गाडलेली, वर मुरूम,
मुरमावर दगड, दगडावर मी, नाचून बघितलं.

मग एकदा त्याच्या उंचीवरनं बघावं म्हणून
हातापायांवर सगळं अंगण फिरलो.
तिथून घर फार लांब दिसतं.
सापडलं ते असं : एकोणीस खिळे,
ट्यूबलाइटच्या काचा,
टाकीखाली उंदराच्या औषधाची पुडी,
केतकीची एक पैंजणघुंगरी, काळी पडलेली,
आणि नाकासमोर, फुलांनी लदबदलेली,
शालनची कण्हेर.

कण्हेर विषारी, एवढंच मी बोललो.
ती काही बोलली नाही.
पहाटे उठून तिनंच कुदळ मारली,
देवाला जास्वंद वाहिली
आणि दोन दिवस माझं ताट
न बोलता पुढं सरकवलं.

चौगुल्यांच्या बाजूला शेराच्या कुंपणात
जुनं भगदाड होतं.
तिथून पेपर जायचा, कोथिंबीर यायची,
त्यांची तांबडी कोंबडी तर विचारायचीच नाही.
जाळी तिथंही ओढली. दुपारी चौगुले आले,
पलीकडं उभे, हातात पेपर,
जाळीच्या चौकटींतून त्यांचा चेहरा
किराणा बांधलेल्या कागदासारखा घडीघडीचा.
"चांगलं झालंय," म्हणाले. वळून गेले.

रात्री झोप आली नाही.
सकाळी अल्लाबक्षला परत बोलवलं,
छातीच्या उंचीला वीतभर खिडकी कापून घेतली,
झाकण, बिजागरी, छोटी कडी.
पेपर जाईल. कोथिंबीर येईल.
कुत्र्याचं डोकं जाणार नाही,
म्हणजे माझ्या अंदाजानं.
कोंबडीचं बघू.

आज शनिवार. रंगाचा दुसरा हात झाला.
आत उभा राहून फाटक ओढलं,
कडी आपोआप पडली, खणखणीत.
पंजानं उघडू नये म्हणून
बाहेरून लावलेली.

हाक मारली. शालन हात पुसत आली,
एकदा कडीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं,
तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

"भक्कम आहे," म्हणाली.
"उद्यापर्यंत राहा आत. कुठं उकरता येतंय का बघा."